एक पब्लिक आयपी, अनेक वेबसाइट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरी एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) आहे. एका मशीनवर मंडळाची वेबसाइट, दुसऱ्यावर नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचं सॉफ्टवेअर). राउटर 443 पोर्ट एकाच मशीनकडे वळवू देतो. मग नेक्स्टक्लाउड 8443 वर ठेवू का?

उत्तर: ठेवता येईल, पण ठेवू नका. पत्त्यामागे पोर्टचा आकडा लिहायचा असला की घरातली माणसं तो विसरतात, आणि कित्येक ऑफिसांच्या फायरवॉल 80 (एचटीटीपी) आणि 443 (एचटीटीपीएस) सोडून बाकी पोर्ट अडवतात.

राउटरला फक्त आयपी आणि पोर्ट कळतो, साइटचं नाव कळत नाही. ते कळतं वेब सर्व्हरला, कारण ब्राउझर प्रत्येक विनंतीत ‘होस्ट’ हेडरमध्ये ते लिहून पाठवतो. 1997 च्या एचटीटीपी 1.1 ने हे हेडर सक्तीचं केलं. सगळं शेअर्ड होस्टिंग या एका ओळीवर उभं आहे, आणि ती नीट समजली की पुढच्या निम्म्या अडचणी आपल्या आपण सुटतात.

तेव्हा 80 आणि 443 दोन्ही पोर्ट एकाच मशीनकडे वळवा आणि तिथे रिव्हर्स प्रॉक्सी बसवा. दोन्ही नावांच्या डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) नोंदी त्याच आयपीकडे करा. नाव वाचून विनंती आतल्या योग्य मशीनकडे धाडायची, एवढंच प्रॉक्सीचं काम. एनजिनएक्स, अपाची, कॅडी, काहीही चालेल. नवख्यांना मी कॅडी सुचवते. एचटीटीपीएसला लागणारं सर्टिफिकेट मिळवणं आणि मुदतीआधी नवं करणं ते स्वतःच बघतं.

एनजिनएक्स घेतलंत तर मूळ होस्ट हेडर पुढे पाठवण्याची ओळ लिहायलाच हवी. ती नसेल तर एनजिनएक्स त्या जागी आतल्या मशीनचा पत्ता घालतं, आणि डोमेन विश्वासू यादीत नाही म्हणून नेक्स्टक्लाउड दारातच अडवतं.

प्रश्न: एनजिनएक्सवर दोन साइट आहेत. दुसरी एचटीटीपीएसने उघडली की सर्टिफिकेटची सूचना येते आणि दिसते पहिलीच साइट!

उत्तर: दुसऱ्या साइटचा सर्व्हर ब्लॉक (एनजिनएक्सच्या सेटिंगमधला त्या साइटचा भाग) बहुधा फक्त 80 वर ऐकतोय. 443 वर नाव जुळणारा ब्लॉक सापडला नाही की एनजिनएक्स त्या पोर्टचा डीफॉल्ट ब्लॉक वापरतं, आणि डीफॉल्ट ठरवलेला नसेल तर सगळ्यात आधी वाचलेला. 443 चा ब्लॉक आणि त्याचं सर्टिफिकेट जोडा.

एचटीटीपीएसमध्ये होस्ट हेडर एन्क्रिप्ट झालेलं असतं, सर्टिफिकेट मात्र त्याआधीच दाखवावं लागतं. म्हणून ब्राउझर टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनच्या) पहिल्याच निरोपात साइटचं नाव सांगून टाकतो. याला एसएनआय म्हणतात. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते जमत नसे, त्यामुळे प्रत्येक एचटीटीपीएस साइटला वेगळा आयपी घेण्याची पद्धत बरीच वर्षं टिकली. आज कोणी तेवढ्यासाठी वेगळा आयपी विकू पाहत असेल तर घेऊ नका.

प्रश्न: मोबाइल डेटावर साइट उघडते, घरच्या वायफायवर नाही.

उत्तर: तुमच्या राउटरला हेअरपिन नॅट (घरातून स्वतःच्याच पब्लिक आयपीकडे गेलेली विनंती परत आत वळवणं) येत नसावं किंवा ते बंद असेल. सेटिंग सापडलं नाही तर घरातल्या डीएनएसमध्ये त्या नावाला सर्व्हरचा स्थानिक आयपी द्या.

प्रश्न: पोर्ट फॉरवर्ड केले, फायरवॉल तपासली, तरी बाहेरून काहीच उघडत नाही.

उत्तर: राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या जोडणीच्या) पानावरचा आयपी आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून बघा. ते वेगळे असतील आणि राउटरवरचा आयपी 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे सेवादाता एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतो. हे पत्ते 2012 मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. पब्लिक आयपी इतर ग्राहकांबरोबर वाटलेला असल्यामुळे घरच्या राउटरवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

सेवादात्याकडे स्टॅटिक आयपी मागा. तो महाग पडत असेल तर छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन प्रॉक्सी तिथे बसवा आणि घरच्या सर्व्हरपासून तिथपर्यंत वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित बोगदा) जोडा. जोडणी घरून सुरू होते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरच्या बाजूला वायरगार्डचं ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (ठरावीक वेळाने छोटा निरोप पाठवून वाट जागी ठेवणारं सेटिंग) 25 सेकंद ठेवा. नाहीतर थोडा वेळ रहदारी नसली की नॅट ती वाट विसरतं आणि साइट बंद पडल्यासारखी दिसते.