बंड्याला न्याच, पण दिवाळीत गोव्याला नको

मुलुंडच्या एका ताईंनी ऑगस्टच्या सुरुवातीला लिहिलंय: "दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,०५,००० रुपये. घराचा हप्ता ३८,०००, घरखर्च ४४,०००, नववीतल्या मुलाचा क्लास ८,०००. एफडीत तीन लाख आहेत. आमचा लॅब्रॅडॉर बंड्या अकरा वर्षांचा झालाय, शिवाय मनी ही मांजर. दिवाळीत फटाक्यांनी बंड्या पलंगाखाली थरथरत बसतो, म्हणून यंदा दोघांना घेऊन सहा रात्री गोव्याला जायचं म्हणतोय. ड्रायव्हरसह गाडी आणि कुत्रा चालेल असा बंगला धरून १,१२,००० होतात. त्याला बोर्डिंगमध्ये ठेवून आम्ही तिघं रेल्वेने गेलो तर ६३,०००. पर्सनल लोन १६ टक्क्यांनी मिळतंय, नाहीतर एफडी मोडू. यानंतर बंड्याला कुठे नेता येईल असं वाटत नाही. काय करावं?"

ताई, बंड्याला सोबत न्या. अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरला आयुष्यात पहिल्यांदा बोर्डिंगमध्ये ठेवायचं आणि तेही फटाक्यांच्या आठवड्यात, हे मी तुम्हाला सुचवणार नाही. पण कर्ज काढू नका, एफडीला हात लावू नका, आणि दिवाळीत गोव्याला जाऊ नका.

तुमचा हिशेब पुन्हा बघा. १,१२,००० पैकी बंगला ५७,०००, म्हणजे रात्रीला साडेनऊ हजार. गाडी ३२,०००. कुत्र्याचं म्हणून बंगलेवाला वेगळं घेतोय ते सहा हजार. तोच बंगला जानेवारीत, शनिवार-रविवार सोडून, साडेपाच हजारांना मिळतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे २४,००० रुपये निव्वळ दिवाळीचे झाले. गाडीचे ३२,००० लागतात कारण तुमच्या वॅगनआरवर एवढ्या लांबचा भरवसा नाही; ते अंतराचे पैसे. खर्च फुगलाय तो तारखेमुळे आणि ठिकाणामुळे, बंड्याच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं.

शिवाय ज्यासाठी निघालात ती शांतता तिथे मिळणार नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात गावोगावी नरकासुराचे पुतळे उभे राहतात, रात्रभर मोठ्याने गाणी लागतात आणि पहाटे फटाक्यांसकट दहन होतं. मुलुंडच्या घरात निदान त्याचा पलंग तरी ओळखीचा आहे. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा, भीती कमी करणारी औषधं मिळतात. ती तुमच्या मनाने देऊ नका, वजन, वय आणि तब्येत बघूनच मात्रा ठरते.

आता पैसे कुठून, ते बघू. १,१२,००० चं कर्ज १६ टक्क्यांनी बारा महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १०,१६० येतो. वर्षभरात व्याजच जवळपास दहा हजार, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. तुमच्याकडे महिन्याला शिल्लक राहतात पंधरा हजार. त्यातले दहा गेले की उरलेल्या पाचात शाळेची फी, दुरुस्ती, आजारपण, सगळं आलं.

एफडी मोडणं कर्जापेक्षा स्वस्त पडेल, हे मान्य. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात थोडी कपात करते, तेवढंच. पण तुमचे न टळणारे खर्च महिन्याला ९०,००० आहेत, म्हणजे तीन लाख हा जेमतेम सव्वातीन महिन्यांचा आधार. त्यातून १,१२,००० काढले तर दोन महिन्यांचाच उरतो. डोक्यावर घराचं कर्ज असलेल्या घरात सहा महिन्यांचा हवा.

रेल्वेबद्दलही विचारलंय. कुत्र्याला सोबत न्यायचं तर फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासच, आणि दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर हवी. तुम्ही तिघं, म्हणजे केबिन, म्हणजे चार तिकिटं. त्यातून ती केबिन तुम्हालाच मिळणार की नाही, हे चार्ट लागेपर्यंत नक्की नसतं. तोवर बंगल्याचे पैसे अडकलेले असतात. तेजस किंवा वंदे भारतच्या चेअर कारमध्ये कुत्रा चालत नाही. उरतो गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला रात्रभर त्या पेटीत कोंडायचा विचारही करू नका. विमानातही केबिनमध्ये फक्त लहान प्राणी घेतात, तीस किलोचा बंड्या सामानाच्या कप्प्यात जाईल. यजमानांच्या कंपनीचा एलटीए, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाचा भत्ता, वापरायचा असेल तर तो जुन्या करप्रणालीत आणि कुटुंबातल्या माणसांच्या प्रवासभाड्यापुरताच मिळतो. बंगला, जेवण, बंड्याचं भाडं त्यात बसत नाही.

माझा पर्याय असा. जानेवारीत २६ तारखेचा आठवडा टाळून तीन रात्री दापोलीजवळ मुरुड किंवा कर्द्याला जा. मुलाची दोन दिवस शाळा बुडेल, नववीत चालून जाईल. पनवेल, पेण, माणगाव या वाटेने तुमची वॅगनआर आरामात जाते, आणि दर दोन तासांनी थांबून बंड्याला उतरवता येतं. राहण्याचे रात्रीला साडेचार हजार धरून १३,५००, कुत्र्याचे जादा १,५००, पेट्रोल-टोल ४,५००, जेवणखाण ७,५००. झाले २७,०००. वर पाच हजार बंड्याच्या औषधपाण्यासाठी बाजूला. एकूण ३२,०००. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत महिन्याला ६,५०० बाजूला टाकलेत तर पाच हप्त्यांत ३२,५०० जमतात. परत आल्यावर फेडायचं काही राहत नाही.

एवढंही जमत नसेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे. गाडी बोटीत चढते, प्राण्यांचं तिकीट काढता येतं. अलिबागला दोन रात्री.

मनीला मात्र कुठेच नेऊ नका. मांजराला घर बदलणंच सोसत नाही, आणि परक्या बंगल्यातून ती निसटली तर सहलीचं काय होईल ते सांगायला नको. ज्या शेजारच्या काकू तिला एरवी खाऊ घालतात, त्यांच्याकडे किल्ली, डॉक्टरांचा नंबर आणि दोन हजार रुपये ठेवा.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला सहलीपेक्षा जास्त लागली. गेल्या वर्षी बंड्याला गोचीडताप झाला, १४,००० बिल झालं, ते क्रेडिट कार्डवर टाकून तीन महिने फेडलंत. कार्डावरच्या थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचं ते चाळीस टक्क्यांच्या वर जातं. बंड्याचं वय बघता असं बिल पुन्हा येणार हे धरूनच चला: सांधे, रक्ताच्या तपासण्या, सलाईन. या वयाला नवी विमा पॉलिसी मिळणं कठीण, म्हणून त्याच्या नावाने महिन्याला अडीच हजार वेगळ्या खात्यात टाकायला याच महिन्यापासून सुरुवात करा. सहलीचे साडेसहा आणि हे अडीच गेले तरी शिलकीतले सहा हजार उरतात. त्यातून वरचे खर्च निघून राहतील ते एफडीत घाला.

बुकिंग करताना 'पेट फ्रेंडली' एवढ्या शब्दावर जाऊ नका. काही ठिकाणी कुत्र्याला आवारात येऊ देतात, खोलीत नाही, आणि रात्री पडवीत बांधायला सांगतात. बंड्या खोलीत झोपणार का, डिपॉझिट कधी परत मिळणार, आवारात त्यांचा स्वतःचा कुत्रा मोकळा असतो का, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. रेबीज आणि लेप्टोच्या लसींचं पुस्तक सोबत ठेवा, गोचिडांचं औषध निघण्याआधी डॉक्टरांना विचारून लावा. ॲडव्हान्स निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि बंड्याची तब्येत ऐन वेळी बिघडली तर तारीख पुढे ढकलता येईल का, हे पैसे पाठवायच्या आधी विचारून घ्या.