गुडघे टेकत नाहीत, मग प्रार्थना कशी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या महिन्यात नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या ज्येष्ठ ख्रिस्ती वाचकांची पत्रं घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ७३, निवृत्त शिक्षिका. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तरी पवित्र शास्त्र वाचताना ओळी एकमेकींत मिसळतात. गुडघ्यांमुळे खाली टेकून प्रार्थना होत नाही. खुर्चीत बसून केलेली प्रार्थना आळसाची वाटते. (नवापूर)

उत्तर : आधी खुर्चीचं बोलू. दावीद राजानं परमेश्वरासमोर बसून प्रार्थना केली (२ शमुवेल ७:१८). हिज्कीया आजारी होता, त्यानं अंथरुणावरच भिंतीकडे तोंड फिरवलं (यशया ३८:२). याकोबानं मरणाच्या आधी काठीच्या टोकावर टेकून नमन केलं (इब्री ११:२१). शास्त्रात काठीसुद्धा आहे ताई, तुम्ही खुर्चीला का घाबरता? हातांची खुर्ची घ्या, पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी. प्रार्थना संपल्यावर लगेच उठू नका. रक्तदाबाच्या गोळीवर असाल तर डोळे उघडून मिनिटभर बसा आणि मग उठा, नाहीतर चक्कर येऊन पडाल.

आता डोळे. ऑपरेशनमध्ये सहसा बसवतात ते भिंग लांबचं दाखवणारं असतं, त्यामुळे वाचायला वेगळा चष्मा लागतोच. साधारण +२.५ च्या आसपासचा नंबर असतो आणि तो ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यानं, डोळा स्थिरावल्यावर काढतात. जुनाच चष्मा चालवत असाल तर दोष तिथेच आहे. काहींना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागचं पातळ आवरण धुरकट होतं. ते काही मिनिटांच्या लेझरनं साफ होतं, पुन्हा ऑपरेशन लागत नाही. घरी एक तपासणी करा : एक डोळा झाका आणि पानावरच्या दोन स्तंभांमधली उभी रेघ बघा, मग दुसऱ्या डोळ्यानं बघा. रेघ वाकडी किंवा मध्येच तुटलेली दिसली तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. डोळ्याच्या डॉक्टरांकडून डोळ्यामागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या, तोही त्याच आठवड्यात.

नंबर बरोबर असूनही वेलांट्या आणि अनुस्वार पुसट दिसत असतील तर उजेड कमी पडतोय. छतावरची ट्यूब पुरत नाही, तिथे आपल्याच डोक्याची सावली पानावर येते. ९ वॅटचा पांढरा एलईडी दिवा खांद्यामागून पानावर पाडा आणि पुस्तक ३५-४० सेंटिमीटरवर ठेवा. मोठ्या अक्षरांची प्रत जड असते. ती हातात धरण्यापेक्षा टेबलावर तिरक्या फळीवर ठेवा.

वाचनाचं प्रमाणही बदला. वर्षात अख्खं शास्त्र संपवायचा हट्ट या वयात कशाला? स्तोत्रं १५० आहेत, रोज पाच घेतली की महिन्यात होतात. मात्र ११९वं बाजूला ठेवा. त्याच्या १७६ ओव्या आठ-आठच्या २२ गटांत आहेत. तेवढं एकच स्तोत्र २२ दिवस पुरवा, रोज एक गट.

प्रश्न : वय ६८, रेल्वेतून निवृत्त. बारा वर्षं मधुमेह. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, शिवाय बीपीची. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) मी एकवेळच जेवतो आणि गुड फ्रायडेला पाणीही घेत नाही. यंदा उपासनेत घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलं म्हणतात उपवास बंद. मला वाटतं विश्वास कमी पडला. (भुसावळ)

उत्तर : विश्वास कमी पडलेला नाही, साखर कमी पडली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. पोटात भाकर नसेल तर ते इन्सुलिन रक्तातली उरलीसुरली साखर खाली ओढतं. नुसत्या मेटफॉर्मिननं असं क्वचित होतं. तुमच्या गोळीत दोन्ही आहेत, म्हणून कोरडा उपवास तुमच्यासाठी नाहीच.

साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक, चिडचिड सुरू होते. बीपीची गोळी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल जातीची असेल तर थरथर आणि छातीतली धडधड दबून जाते, फक्त घाम उरतो. आणि एप्रिलच्या दुपारी भुसावळात घाम कुणाला येत नाही? शेजारच्या बाकावरच्याला वाटतं, काका मान खाली घालून प्रार्थनेत तल्लीन झालेत. धोका इथेच आहे. घरच्या एकाला जवळ बसवा आणि आधीच सांगून ठेवा : मी बोलावल्यावर उत्तर दिलं नाही तर हलवून बघ.

खिशात साखरेची पुडी ठेवा. तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहा, ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर भाकर किंवा पोळी खा, नाहीतर तासाभरात साखर परत घसरते. आपल्याकडे घरात केळी असतातच, हात आधी तिकडे जातो. पण केळ्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पेढ्यातल्या तुपानं तर आणखीच उशीर होतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा.

नियमाचं म्हणाल तर कॅथलिक धर्मविधीत उपवासाचं बंधन १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षं पूर्ण होईपर्यंतच आहे, म्हणजे तुम्ही नऊ वर्षांपूर्वीच त्यातून मोकळे झालात. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो. त्याला वरची वयोमर्यादा नाही आणि तो साखरेच्या आड येत नाही. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेण्याआधीचा एक तासाचा उपवासही वयोवृद्धांना आणि आजाऱ्यांना माफ आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) सहसा असा लिखित नियम नसतो, तिथे उपवास आपखुशीचा असतो. म्हणून तिथे ओढाताण उलट जास्त होते. माफी देणारं कुणी नसतं आणि ज्याचा त्याचाच निश्चय असतो.

गुड फ्रायडेला अकरा वाजता साधं जेवण घ्या. बारा ते तीनच्या उपासनेत दाराजवळ, कूलरच्या वाऱ्यात बसा, पाण्याची बाटली जवळ असू द्या. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चार ऐकून बाहेर आलात तरी चालेल. गोळी आपल्या मनानं टाळू नका, साखर उलट वर जाईल. डोस बदलायचा तर डॉक्टरांना उपवासकाळाच्या आठवडाभर आधी भेटा. त्याग करायचाच असेल तर यशया ५८ वाचा. तिथे उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. राखेच्या बुधवारपासून रविवार वगळून चाळीस दिवसांचं मटण-मासळीचं बिल काढा आणि तेवढे पैसे कुणाच्या तरी किराण्याला द्या.

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या. सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात होऊन उजवी बाजू आणि वाचा गेली. पाळक घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) देत. मागच्या वेळी द्राक्षरस घेताना खूप ठसका लागला, दोन दिवसांनी ताप आला. तेव्हापासून बंद केलं. त्यांना आमेनही म्हणता येत नाही. (साक्री तालुका)

उत्तर : ठसक्यानंतर ताप म्हणजे रस श्वासनलिकेत उतरला असण्याची शक्यता मोठी. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू मंदावतात आणि पातळ पदार्थ सगळ्यांत घातक ठरतो, कारण घसा बंद होण्याआधीच तो खाली धावतो. पहिलं काम : गिळण्याची तपासणी करून घ्या. तोंडानं देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते प्रभुभोजनालाही लागू आहे. अशा वेळी वचन आणि प्रार्थना पूर्ण करायची. ओठांना ओल्या बोळ्यानं स्पर्श करावा का, हे पाळकांशी बोलून ठरवा.

तोंडानं देता येत असेल तर असं करा. पाठीला उशा लावून ताठ बसवा आणि हनुवटी किंचित छातीकडे असू द्या. मान मागे टाकून कधीही देऊ नका. भाकरीचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याच्या निम्मा घ्या, अर्धा चमचा रसात मऊ होईपर्यंत भिजवा आणि जिभेवर डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला ठेवा. कोरडा, भुगा होणारा पाव नको, पेला नको, स्ट्रॉ तर नकोच. गळ्याची घाटी वरखाली झाली की गिळलं असं समजा. मग उजव्या गालात काही अडकलंय का ते टॉर्चनं पाहा, कारण त्या गालाला ते कळत नाही. नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. कॅथलिक घरात फादर प्रसादाचा अगदी बारीक कण देऊ शकतात, आणि तोही गिळता येत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही देता येतो. पण द्राक्षारसही पातळच, म्हणून गिळण्याची तपासणी तिथेही आधी. आजाऱ्यांचं तैलाभ्यंग (तेल लावून प्रार्थना करण्याचा विधी) शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचं हा जुना गैरसमज. याकोबाच्या पत्रात (५:१४) ‘आजारी’ म्हटलंय. आजार बळावला तर ते पुन्हाही घेता येतं.

वेळ सकाळी नऊची, ऊन चढायच्या आत. एक वाचन, एक गीत, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं आणि खोलीत चारच माणसं. वाचा गेली तरी ओळखीचं गीत पुष्कळदा शाबूत असतं, कारण बोलणं आणि चालीवर गाणं यांच्या वाटा मेंदूत पूर्ण एक नाहीत. त्यांच्या तरुणपणीचं भजन सावकाश धरा आणि ओळीतला शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडून थांबा. तो शब्द येईलही. प्रार्थना त्यांच्या घरच्या बोलीत करा, अहिराणी असो की मावची. पुस्तकी मराठी दुसरी शिकलेली भाषा असते. आमेनसाठी डावा हात हातात घ्या, त्यांनी दाबला की झालं. आणि उशाशी उभं राहून ‘आता काही कळत नाही यांना’ असं कुणी बोलू नये. बोलता न येणाऱ्याला ऐकू येत असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पत्रात दिसली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि हे काम तुम्ही एकट्या करताय. सहा महिन्यांत तुम्ही स्वतः किती रविवारी उपासनेला गेलात? मंडळीतल्या महिलांनी भेटीला येताना केळी आणू नयेत. दोघींनी रविवारी दोन तास बसावं आणि तुम्हाला सोडावं. हे पाळकांना स्पष्ट सांगा.

प्रश्न : रात्री प्रार्थनेला बसलो की झोप लागते. (चाळीसगाव)

उत्तर : गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत असताना शिष्यांनाही लागली होती. वेळ बदला, सकाळच्या चहानंतरची घ्या. मोठ्यानं बोला, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं कॅलेंडरवर लिहून एकेकावर बोट ठेवा. दिवसाही बसल्या बसल्या डुलक्या येत असतील तर रक्त आणि थायरॉइड तपासा, झोपेच्या किंवा अॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ७६, विधुर. एक मुलगा पुण्यात, एक सुरतेत, बघते मुलगी. घराचा मोठा वाटा तिला आणि थोडं मंडळीला (चर्चला) द्यावं असं मनात आहे. मृत्युपत्र करणं म्हणजे देवावर भरवसा नसणं का? जावई आणि पाळक साक्षीला तयार आहेत. (अमळनेर)

उत्तर : जावई नको! ख्रिस्ती माणसाचं मृत्युपत्र भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली येतं. त्याच्या ६७व्या कलमानुसार साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या पतिपत्नीला दिलेला वाटा रद्द होतो. मृत्युपत्र टिकतं, पण मुलीचंच जातं. हिंदू शेजाऱ्याच्या मृत्युपत्राला हे कलम लागत नाही, म्हणून त्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. मंडळीला काही देणार असाल तर पाळकांऐवजी ज्यांचा काही संबंध नाही असे दोघे घ्या. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहावं आणि तुमच्यासमोर सही करावी. मजकूर वाचायची गरज नाही. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा ‘शुद्धीवर व सक्षम’ असा दाखला जोडा. पुढे पुन्हा लग्न केलंत तर हे मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, हेही ध्यानात असू द्या.

मृत्युपत्र नसेल तर तुमच्या तिन्ही मुलांना समान वाटे, मुलगी-मुलगा भेद नाही. (पत्नी हयात असती तर तिला एक तृतीयांश.) धर्मादाय देणगीवर नातलग असलेल्यांना बांधणारं ११८वं कलम सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये रद्द केलं, तो जुना अडसर आता नाही. ‘आमची मंडळी’ असं मोघम लिहू नका, विश्वस्त संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे अक्षरशः तसं उतरवा. नंदुरबारकडच्या वाचकांसाठी : खातेदार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांचे निर्बंध आहेत आणि वारसा रूढीनं ठरू शकतो. तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

घर हयातीत बक्षीसपत्रानं देऊ नका, मुलीलाही नाही. द्यायचंच असेल तर ‘शेवटपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं त्यातच लिहा. मग ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या २३व्या कलमाखाली, सांभाळ न झाल्यास ते रद्द करून घेता येतं. भरवशाचं म्हणाल तर मार्क ७ मध्ये येशूनं दोष दिला तो ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावे वाहून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना. व्यवस्था लावणाऱ्यांना नाही.

दफनाच्या इच्छा मृत्युपत्रात घालू नका, ते सहसा माती झाल्यावर उघडतं. त्यासाठी वेगळा कागद करा : वाचायचा उतारा, दोन गीतं, पत्नीच्या कबरीचा क्रमांक, पाळकांचा फोन, आणि सुरतेचा मुलगा ताप्ती लाइनवरच्या गाडीनं पोचेपर्यंत थांबायचं की नाही. उन्हाळ्यात थांबायचं ठरलं तर फ्रीजरची शवपेटी भाड्यानं कुठे मिळते तो नंबरही त्यावर असावा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि मुलीला उघडून दाखवा.