ओठ पुढे, आवाज मागे

प्रश्न: मोबाईलवर शूट केलेल्या लांबलचक व्हिडिओचे एडिटिंग सॉफ्टवेअरमधे तीन तुकडे केले. पहिला मस्त चालतो, पण तिसऱ्यात ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो. काय करू?

उत्तर: तुकड्यागणिक फरक वाढतोय म्हणजे गडबड बहुतेक कापण्यात नाहीये, मूळ फाइलमधेच आहे. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम (म्हणजे एकेक स्थिर चित्र) म्हणतो खरं, पण उजेड कमी झाला की गुपचूप कमी फ्रेम घेतो, आणि काही सॉफ्टवेअर मात्र ३० ठाम धरून चालतात, मग चित्र पुढे पळतं आणि आवाज आपल्या गतीने येत राहतो. म्हणून कापायच्या आधी अख्खी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढा, व्हिडिओ टॅबमधे कॉन्स्टंट फ्रेमरेट (दर सेकंदाला ठराविकच फ्रेम) निवडून, आणि मगच तुकडे करा. वेळ खातं, पण पर्याय नाही.

फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असता तर गोष्ट वेगळी, मग गडबड बहुतेक कापण्यातच. री-एन्कोड न करता, म्हणजे व्हिडिओ नव्याने न बनवता, कापलं की चित्र की-फ्रेमवरच (जिथे पूर्ण चित्र साठवलेलं असतं ती फ्रेम) धड सुरू होतं, आवाज जवळपास कुठेही कापता येतो. तिथे की-फ्रेमवर कापा, नाहीतर सरळ री-एन्कोड करा. आणि चेक करताना तुकड्याचा शेवट बघा, ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना ओठ मिटतात तिथे चूक लगेच दिसते.