टेप ड्राइव्हवर खापर फोडण्याआधी

भाऊ, टेपवर घेतला जाणारा बॅकअप (डेटाची राखीव प्रत) अडकला की लगेच ‘ड्राइव्ह गेला’ म्हणू नको. आधी टेप बदलून बघ. एकच टेप दरवेळी अडत असेल तर दोष तिचाच; सगळ्याच अडत असतील तर हेड (ड्राइव्हचा टेप वाचणारा-लिहिणारा भाग) मळलं असेल, नाहीतर केबल सैल. ड्राइव्हने सफाई मागितली तरच क्लीनिंग टेप घाल. ती साधारण 50 वेळा चालते, म्हणून दर वापराला तिच्यावर रेघ मारत जा. उगाच रोज घालू नको, तिनेही हेड घासतंच.

आपल्याकडे खरा वैरी धूळ आणि ऊन. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत तरंगतात आणि पंखा तेच आत ओढतो. मे महिन्यात लाइन गेली, कूलर थांबला की खोली 40 अंशांवर जाते. एलटीओ (बॅकअप टेपचा नेहमीचा प्रकार) ड्राइव्हची मर्यादाही साधारण तेवढीच. म्हणून उन्हाळ्यात बॅकअप पहाटे लाव. कूलरची दमट हवा थेट ड्राइव्हवर नको. गाडीच्या डिक्कीत तापून आलेली टेप एक दिवस खोलीत राहू दे, मगच घाल.

टेप सारखी मागेपुढे होत असेल तर बहुतेक डेटा हळू येतोय. आधी डिस्कवर गोळा कर, मग टेपवर उतरव.

‘बॅकअप यशस्वी’ या ओळीवर माझा काही भरवसा नाही बाप्पा. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत काढून उघडून बघ, जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर. जुना ड्राइव्ह कधीकधी स्वतःचंच लिहिलेलं तेवढं वाचतो. आणि बदली ड्राइव्ह घेताना पिढीचा आकडा लक्षात ठेव: एलटीओ-4 ची टेप एलटीओ-6 वाचतो, एलटीओ-7 नाही.