पाडवा झाला तरी चैत्र उरतोच

प्रश्न : आम्ही मूळचे मालवणचे, सध्या मेलबर्नला. पाडव्याला मुलं मंडळात लेझीम खेळतात, फोटो निघतात, पण घरच्या गुढीपाशी दोन मिनिटं टिकत नाहीत. सणाची गोडी लागावी म्हणून काय करू?

ताई, आधी मुलांची बाजू घेते. काठी, तांब्या, खण, साखरगाठ सगळं तुम्हीच बांधणार. मुलांनी करायचं काय, तर नमस्कार! त्यात पाडवा बहुधा शाळेच्या दिवशी येणार, आणि तुमच्याकडे तेव्हा पानगळ. एका सकाळीत सगळा वसंत कोंबू नका. गुढी उभारा, ओवा-चिंच-गुळाचा घास द्या (कडुनिंब मिळाला तर उत्तमच), श्रीखंड वाढा आणि मुलांना शाळेत पाठवा.

खरी मजा तिसऱ्या दिवसापासून. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्या महिनाभर दारात चैत्रांगण काढायची आपली रीत. वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, गोपद्मं, हत्ती, नाग, कासव, शिवाय गौरीची फणी, करंडा नि आरसा. अख्खं घरदार त्या चौकोनात मावतं. आमच्याकडे वेंगुर्ल्याला शेणाने सारवलेल्या खळ्यात काढतात. तुम्ही प्लायवूडच्या फळीला काळा रंग द्या. रांगोळी नसेल तर खडू चालेल.

पहिल्या दिवशी फक्त गौर काढा, मग रोज मुलांना एकेक चिन्ह निवडू द्या. रेघ वाकडी आली तर हात लावू नका, ही माझी एकच अट. कासव काढायच्या दिवशी त्यांना वेळासची गोष्ट सांगा. मंडणगड तालुक्यातल्या त्या गावात साधारण याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतल्या अंड्यांतून बाहेर येतात आणि समुद्राकडे धावतात. गावकरी घरटी राखतात, आणि ती धाव पाहायला मुंबई-पुण्याहून लोक येतात. रांगोळीतलं कासव मग नुसतं नक्षीचं राहत नाही.

तुमचा थोरला पत्त्यांत रमणारा असेल तर सावंतवाडीचा गंजिफा दाखवा. हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे एकशेवीस. इतके कोण रंगवणार? एकच रंग घ्या. मत्स्याचा रंग सोपा : एक्क्यावर एक मासा, दुरीवर दोन, असं दहापर्यंत, वर राजा आणि प्रधान. परशुरामाची कुऱ्हाडही मुलांना आवडते, आणि कोकणच्या मुलांना परशुराम परका नाहीच. जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापा, पोस्टर रंग वापरा. पाडव्याला सुरुवात केली तर रामनवमीपर्यंत बारा पत्ते सहज होतात.

मोठ्यांसाठी चैत्रातलं हळदीकुंकू आहेच. मेलबर्नला कैरी मिळाली तर आंबेडाळ करा, नाहीतर लिंबू पिळून वाटली डाळ करा. पन्ह्याचा हट्ट सोडा. आलेल्या बायकांना चैत्रांगण मुलांनीच समजावून सांगावं. मराठी अडखळली तर अडखळू दे, तुम्ही मध्येच वाक्य पूर्ण करून देऊ नका. लेझीम चालू ठेवा, ती चांगलीच आहे. आणि एक, पाडव्याची तारीख भारतातल्या कॅलेंडरवरून घेऊ नका. तिथी स्थानिक सूर्योदयावर ठरते, म्हणून मेलबर्नचं पंचांग बघा.