मुलाच्या लक्षाची टेस्ट कॉम्प्युटरवर करावी की समोर बसवून?

तुमचा मुलगा तिसरीत आहे, शाळेने एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) टेस्ट करून आणायला सांगितलंय. एक सेंटर कॉम्प्युटरवर घेतं, दुसरं समोर बसवून. खरी कुठली, असं विचारलंय तुम्ही. मी अकरा वर्षं दोन्ही घेतेय.

कॉम्प्युटरवरची म्हणजे बहुधा कॉनर्स सीपीटी. १४ मिनिटं, ३६० अक्षरं. प्रत्येक अक्षराला स्पेसबार दाबायचा, एक्स आला की हात आवरायचा. मुद्दामच कंटाळवाणी केलीय. किती अक्षरं सुटली, प्रतिसादाची गती दहाव्या मिनिटाला कशी ढासळली, हे ती मिलिसेकंदात टिपते. माझ्या स्टॉपवॉचला ते जन्मात जमणार नाही.

पण कारण तिला कळत नाही. एक मुलगा बोट स्पेसबारवरच टेकवून बसला होता, कारण सूचना इंग्रजीत होत्या आणि त्याला त्या नीट समजल्याच नव्हत्या. रिपोर्टात तो उतावळा ठरला.

समोर बसवून घेते तेव्हा मी आकडे म्हणते, मूल ते उलटे म्हणून दाखवतं. ते कुठे अडलं, कधी खिडकीकडे बघितलं, चुकल्यावर चेहरा कसा पडला, सगळं दिसतं. इथली गोची म्हणजे मी स्वतःच. शांत खोली, समोर एकच मोठं माणूस, दर प्रश्नानंतर 'हं, आता पुढचं'. वर्गात दोन मिनिटं न टिकणारी मुलं माझ्यासमोर तासभर छान बसतात. आई बिचारी बाहेर म्हणते, "घरी असा नसतो हो!" खरंच नसतो.

म्हणून नुसत्या आकड्यावर 'आहे' किंवा 'नाही' सांगणाऱ्याकडे जाऊ नका, मग टेस्ट कुठलीही असो. डीएसएम-५ (मानसिक विकार ओळखण्याचे निकष देणारं अमेरिकन पुस्तक) प्रमाणे लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि कमीत कमी दोन ठिकाणी, जसं घरी आणि शाळेत, दिसावी लागतात. ते ना स्क्रीनवर दिसतं ना माझ्या टेबलावर. ब्रिटनमध्ये उपचार-तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या नाइस संस्थेने २०२४ मध्ये क्यूबीटेस्ट ही कॉम्प्युटर चाचणी सुचवली, तीही डॉक्टरांच्या तपासणीच्या जोडीला.

फोन करून एवढंच विचारा: वर्गशिक्षिकेकडून मुलाच्या वागण्याबद्दल फॉर्म भरून घेता का, आणि सूचना मराठीत देता का? दोन्हीला 'हो' म्हणतील तिथे जा. जाण्याआधी कान-डोळे तपासून घ्या, आणि आदल्या रात्री त्याला वेळेवर झोपवा.