वाचकांचे प्रश्न : लिलाव रंगला, पण उत्तर लिहिता आले नाही

प्रश्न : मी नाशिक रोड परिसरातील एका शाळेत नववीला सामाजिक शास्त्रे शिकवते. मागणी व पुरवठा समजावा म्हणून वर्गात कांद्याचा लिलाव खेळवला. घंटा होईपर्यंत मुले रंगून गेली होती. मात्र आवक वाढली की भाव का पडतो, हे चाचणीत फारच थोड्यांना लिहिता आले. तासाला खेळ कशासाठी, असे पालकही विचारतात. हा प्रयोग बंद करावा का? – एक शिक्षिका

उत्तर : खेळ बंद करू नये, तो घंटा होईपर्यंत चालवणे मात्र बंद करावे. लिलाव चालू असताना मुलाचे सारे लक्ष आपली चिठ्ठी (म्हणजे विकायला आणलेला कांदा) कितीला गेली याकडे असते, आणि शेजारच्या चिठ्ठ्यांमुळे आपला भाव उतरला हे त्याला थांबून फळ्याकडे पाहिल्यावरच उमगते. म्हणून ३५ मिनिटांच्या तासात खेळाला १५ मिनिटे पुरेत. पहिल्या फेरीत शेतकऱ्यांना मिळून ८ चिठ्ठ्या द्याव्यात, दुसरीत २०. व्यापारी आणि त्यांच्याजवळची रक्कम तीच ठेवावी. दुसऱ्या फेरीपूर्वी भाव चढेल की उतरेल आणि का, हे प्रत्येकाने वहीत लिहावे. यातला ‘का’ कोणालाही गाळू देऊ नये.

तिसऱ्या फेरीत चाळ, म्हणजे कांदा साठवण्याची जागा, आणावी. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा तसा टिकत नाही. तेव्हा लाल चिठ्ठी त्याच फेरीत न विकल्यास बाद धरावी. हाती लाल चिठ्ठ्या उरलेला मुलगा मिळेल त्या भावाला ‘घ्या’ म्हणतो, त्या क्षणी खेळ थांबवून त्यालाच कारण विचारावे. लासलगाव-चांदवडकडे नातलग असलेले एखादे मूल हमाली-तोलाई कुठे गेली, डिसेंबर २०२३ मधल्या निर्यातबंदीचे काय, असे विचारेलच (न विचारल्यास आपण विचारावे). खऱ्या व्यवहाराच्या अशा प्रत्येक प्रतिरूपात काहीतरी गाळलेले असते आणि ते मुलांनी शोधणे हा माझ्या मते तासातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

आपल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली ‘फेट’ सिम्युलेशन्स (संगणकावर करून पाहायचे प्रयोग) विनामूल्य असून त्यांतील अनेक मराठीतही आहेत. तेथेही कळ दाबण्यापूर्वी दिवा लागेल की नाही हे लिहून घ्यावे, नाहीतर मुले नुसती कळा दाबत बसतात.

पालकांना वही दाखवावी. वर ‘भाव चढेल, कारण माल जास्त’ असे खोडलेले वाक्य आणि खाली मुलाने स्वतःच्या शब्दांत केलेली दुरुस्ती दिसली, की वेगळे समजावण्याची फारशी गरज उरणार नाही.